डॉरीनची बादली

डॉरीन व्हेलनची आणि माझी ओळख एका बादलीवर झाली. बादली निळी, प्लास्टिकची, आणि तिच्या तळाशी आमच्या हिरोने नुकताच थुंकलेला खिम्याचा मीटलोफ.

टीव्हीवर जेवणारी माणसं खरोखर जेवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाटून घ्यावं. त्यात त्यांचं सुख आहे. आमच्याकडे एकच घास चौदा वेळा खायचा असतो. चौदा वेळा गिळला तर संध्याकाळपर्यंत हिरोची पँट बसायची नाही. म्हणून 'कट' ऐकू आलं की कुणीतरी बादली पुढे करतं आणि हिरो तिच्यात मोकळा होतो. बरबँकच्या आमच्या स्टुडिओत हे 'कुणीतरी' म्हणजे डॉरीन. बावीस वर्षं.

"पहिला दिवस ना तुझा?" तिने मला विचारलं होतं. "आत बघू नकोस. काय आहे ते मी सांगते. काल कोळंबी होती, आज खिमा आहे. खिमा बरा. कोळंबी परत येते ना, तेव्हा ओळखू येते."

हे बोलताना तिच्या दुसऱ्या हातात तिचं स्वतःचं सँडविच होतं, आणि ती ते चवीनं खात होती. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे मिल्ट, किळस ही सवयीची गोष्ट आहे. माझी संपली. तुझीही संपेल." माझी संपली. तिची पुढे परत आली, आणि ती कशी आली तेच मला सांगायचं आहे.

आमचं खातं म्हणजे सेटवरच्या हाताळायच्या वस्तूंचं. नटाच्या हातात जे जे येतं ते आमचं. फ्रीजमधल्या बाटल्यांवरची नावं झाकायची, कुस्करलेल्या बटाट्याला रंग देऊन आइस्क्रीम करायचं, कारण खरं आइस्क्रीम दिव्यांखाली दोन मिनिटं टिकत नाही. डॉरीनचा एक नियम होता: प्रत्येक वस्तू तीन. एक कॅमेऱ्यासमोर, एक फुटण्यासाठी, एक कपाटात कुलपात. आणि खोटी वस्तू इतकी खरी करायची की खऱ्या वस्तूला लाज वाटावी. एकदा तिने आजीच्या हाताचं पाकक्रियेचं पुस्तक केलं होतं. कॅमेऱ्यात पाव सेकंद दिसलं. आत चाळीस पाककृती होत्या आणि लोण्याचे डाग ज्या पानांवर पडायला हवेत त्याच पानांवर होते.

शिवाय डेक्स. डेक्स हार्लन आमचा हिरो. त्याला संवाद पाठ होत नसत. म्हणजे तो करतच नसे. त्याचे संवाद डॉरीन छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून वस्तूंना चिकटवायची. दुधाच्या डब्यामागे, ताटाच्या कडेला, एकदा तर बालनटाच्या पाठीवर. त्या दृश्यात डेक्सने मुलाला जी माया करून मिठी मारली तिचं एका वर्तमानपत्राने कौतुक केलं होतं.

आता तिच्या घराची गोष्ट.

तिचा नवरा लॉइड. शाळेतल्या बँडला ट्रम्पेट शिकवायचा. उंच, शांत, पण जिथे बसेल तिथे ओला टॉवेल सोडून उठणारा. दोघांचा घटस्फोट झाला तेव्हा त्यांची मुलगी हॅटी नऊ वर्षांची होती. मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी सुचवलं, मुलीने पाठीला पिशवी लावून दोन घरांत का फिरावं? मुलगी राहील तिच्या घरात. फिरायचं तुम्ही. एक आठवडा आई, एक आठवडा बाप. रविवार ते रविवार.

"बाईंच्या भिंतीवर घरट्याचं चित्र होतं," डॉरीन सांगायची. "आत तीन अंडी. मी म्हटलं वा, काय गोड. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, बाई, या पक्ष्यांपैकी कुणी आंघोळीनंतर मोरीत केस सोडतं का?"

बाहेरच्या आठवड्यात राहायला जागा हवी. दोन वेगळ्या जागा दोघांच्याही आवाक्यात नव्हत्या, म्हणून नॉर्थ हॉलिवूडला कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर एक खोली सामायिक घेतली. जो घरी नाही तो खोलीत. लग्न टिकलं असतं तर दोघांचं एक घर असतं. ते मोडलं म्हणून दोन झाली, आणि दोन्ही दोघांची! पलंग दोन, पण चादरी चार, कारण एकमेकांच्या चादरीवर झोपायचं नाही हा घटस्फोटाच्या कागदात न लिहिलेला आणि सर्वात कडक पाळलेला नियम.

सोमवारी सकाळी डॉरीन कामावर आली की आम्ही कॉफी घेऊन तिच्याभोवती जमायचो.

"लॉइड नखं कापतो," ती म्हणायची, "आणि बशीत ठेवतो. टाकत नाही. ठेवतो. कुणी मागायला येणार असल्यासारखी."

"तू काय केलंस मग?"

"मी त्याच बशीत कॉफी प्यायले! मला काय माहीत? साखर आहे म्हटलं."

न्याय म्हणून सांगतो, लॉइडचीही बाजू होती. एकदा स्टुडिओच्या सहलीत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती चहाच्या पिशव्या पिळून सिंकच्या कडेला ओळीने मांडते. सकाळी उठलो की मेलेले उंदीर. सहा, मिल्ट. मी मोजले." खोलीला ओल्या कुत्र्याचा वास येतो याबाबत मात्र दोघांचं एकमत होतं. लग्नाच्या चौदा वर्षांत इतकं एकमत कशावर झालं नव्हतं.

घरातल्या फ्रीजला दोऱ्याने एक हिरवी वही बांधलेली होती. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहायचं: भांडी धुण्याचं यंत्र गळतंय, मांजराला औषध, हॅटीला बुधवारी दाताचा डॉक्टर. खाली सही नाही, 'कसा आहेस' नाही. तोंडं बघायची नाहीत म्हणून ही वही.

आणि तोंडं बघायची नाहीत म्हणूनच ती चूक झाली. अदलाबदल रविवारी पाचला ठरलेली. लॉइडने विचार केला, ती आली आणि आपण दारातच भेटलो तर तिला त्रास. तासभर आधी निघावं, आणि तिची खोली रिकामी होईपर्यंत बाहेरच कुठेतरी वेळ काढावा. डॉरीनने विचार केला, तो बिचारा सामान भरत असेल, आपण त्याच्या डोक्यावर कशाला उभं राहा; तासभर उशिरा जावं. दोघंही समजूतदार माणसं. दोघांनी एकमेकांसाठी एकेक तास सोडला, आणि ते दोन तास कुणाच्याच आठवड्यात पडले नाहीत. आठ महिने.

मग एका रविवारी डॉरीन सहाला घरात शिरली, खांद्यावरची पर्सही न उतरवता नेहमीसारखी वहीकडे गेली, आणि लॉइडच्या अक्षराखाली तिला दुसरंच अक्षर दिसलं. हॅटी तेव्हा दहाची होती. तिने लिहिलं होतं:

"रविवार. मांजर: जेवलं. भांडी: धुतली. मी: ठीक. चार ते सहा इथे कुणी नसतं. तेव्हा मी कपड्यांच्या ड्रायरला टेकून बसते कारण तो गरम असतो. तीच चादर परत परत फिरवते. वीज वाया जाते, सॉरी. कुणीतरी लवकर या नाहीतर कुणीतरी उशिरा जा. कोण ते चालेल."

याखाली आणखी एक वाक्य होतं. ते मी लिहीत नाही. का, ते शेवटी सांगतो.

डॉरीनने लॉइडला फोन केला. तो अर्ध्या वाटेतून परत आला. दोघं पुढच्या पायऱ्यांवर बसली, वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांकडे बघत. त्या दिवसापासून रविवारी पाच वाजता दोघंही पायरीवर हजर. पंधरा मिनिटं. किल्ली हातातून हातात. आणि हॅटीने वहीत दर रविवारी लिहायचं सुरू केलं. मांजर, भांडी, आणि शेवटी 'मी:' पुढे एक ओळ. शाळेत कुणी काय म्हणालं, कशाची भीती वाटली, काय आवडलं नाही.

"ही मुलगी तोंडाने काही सांगत नाही रे," डॉरीन मला म्हणाली होती. "विचारलं की 'ठीक'. माझ्यापर्यंत तिची काय ती बातमी येते ती त्या एका ओळीतून. ती ओळ बंद झाली तर माझ्या घरात एक भाडेकरू राहते, एवढंच."

हे तिने मला खूप नंतर सांगितलं. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

त्यानंतर वर्षभरात आमच्या स्टुडिओत 'एकच किल्ली' आली. विनोदी मालिका. घटस्फोटित आईबाप मुलासाठी पाळीपाळीने एकाच घरात राहतात. लेखक नऊ. नऊही जणांचे घटस्फोट झालेले, त्यामुळे वाटलं मालिका अगदी अस्सल होणार. पण नऊही जणांना दोन दोन घरं होती, त्यातलं एक डोंगरावर. सामायिक मोरी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचा म्होरक्या किप लँडॉवर, गुळगुळीत माणूस, सतत मफिन खाणारा, बोलताना समोरच्याच्या बाहीवर दोन-चार कण पाठवणारा. सेट बघायला आला तेव्हा डॉरीन पलंगाशी उभी होती.

"चादर एकच आहे," ती म्हणाली.

"मग?"

"दोन लागतील. याची याने काढायची, तिची तिने घालायची. आणि गादीच्या मधोमध खड्डा नको. दोन्ही कडांना हवा. मधे कुणी झोपत नाही."

किपने मफिन चावायचं थांबवलं. "तुला हे कसं माहीत?"

"मी तिथे राहते."

झालं. त्या दिवसापासून डॉरीनला लेखकांच्या खोलीत बोलावणं यायला लागलं. गेली की तिच्यापुढे मफिन, समोर नऊ वह्या. नखं गेली, मोरीतले केस गेले, मेलेले उंदीर गेले. सगळं पडद्यावर आलं आणि लोक पोट धरून हसले. आम्हीही हसलो. डॉरीन सगळ्यात मोठ्यानं हसायची. दोन वर्षं जी घाण तिने एकटीने काढली तिला आता टाळ्या मिळत होत्या. कुणाला आवडणार नाही? लॉइडचा एकदा फोन आला.

"डॉरीन, ती बशीतली नखं... ती माझी होती का?"

"छे रे. लेखकांची कल्पनाशक्ती."

"बरं," लॉइड म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, "चांगला विनोद होता."

दुसऱ्या वर्षी एका दुपारी, मी सेटवर असताना, किप आमच्या खोलीत आला आणि रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसला. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा, चार महिने बापाचा फोन घेत नव्हता. किप रडला. खरं रडला, असं डॉरीन सांगते; खोटं रडणं आम्ही रोज बघतो, त्यात नाक गळत नाही. डॉरीनने त्याला सेटवरचा रुमाल दिला आणि त्याला धीर यावा म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, हॅटीच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. शब्द न् शब्द. तिला ती पाठच होती.

"आपण सगळेच असे दोन तास सोडतो, किप," ती म्हणाली. "कळलं की भरून काढायचे."

किपने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉरीन, हे मी कधी विसरणार नाही."

शब्दाला जागला. सहा आठवड्यांनी नवीन भागाची संहिता आली. नाव: 'चार ते सहा'.

वाचनाला आम्ही सगळे लांब टेबलाभोवती बसलो. मुलीचा मुलगा झाला होता. मुलगा ड्रायरला टेकत नव्हता, ड्रायरच्या आत बसत होता आणि मांजर बटण दाबत होतं. बाप म्हणजे डेक्स तोंडात मीटलोफ भरून ती चिठ्ठी बोबड्या आवाजात मोठ्याने वाचत होता. टेबल हसून हसून लोटपोट. शेवटच्या वाक्याला तर ध्वनिखात्याच्या माणसाच्या नाकातून कॉफी आली. मीही हसलो. चिठ्ठी हॅटीची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण हसलो ते हसलोच. डॉरीन तेवढी हसली नाही. तिच्या हातात कागदी रुमाल होता. त्याची घडी घालत होती. घडीवर घडी, घडीवर घडी, शेवटी तो टपाल तिकिटाएवढा झाला.

वाचन संपल्यावर तिने किपला गाठलं. मी मागे खुर्च्या उचलत होतो.

"ते काढून टाक."

"अगं, ते तर या वर्षाचं सगळ्यात चांगलं पान आहे!"

"ते माझ्या मुलीचं पान आहे."

"होतं. आम्ही बदललं ना. मुलगा केला. मांजर वाढवलं."

"मांजर आधीपासूनच होतं, किप."

"हे बघ, मी ते प्रेमाने लिहिलंय. शपथ. लिहिताना रडलोय मी."

"आणि डेक्स बोबडं का वाचतोय मग?"

"लोक हसले पाहिजेत म्हणून!" किप म्हणाला, आणि मफिनचा एक कण डॉरीनच्या बाहीवर येऊन बसला. "कुणालाही कळणार नाही तिचं आहे ते."

"तिला कळेल. शुक्रवारी ती इथे येतेय."

ते खरं होतं. वर्षाच्या शेवटच्या भागाला घरच्यांना बोलावतात. हॅटी बारा वर्षांची झाली होती आणि महिनाभर आधीपासून मैत्रिणींना सांगत होती, माझी आई टीव्हीच्या फ्रीजमध्ये काय ठेवायचं ते ठरवते.

"मग तर छानच!" किपचा चेहरा उजळला. "तिचं नाव देऊ की. शेवटी. छोट्या अक्षरात. मुलांना आवडतं ते."

डॉरीनने बाहीवरचा कण दोन बोटांनी उचलला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला कशाकडेही तसं बघताना पाहिलं नव्हतं.

तरी ती कामाला लागली. कुणी म्हणेल, लागायलाच नको होतं. पण बावीस वर्षं जे हात एकच काम करतात ते मनाला विचारायला थांबत नाहीत. कागदावर लिहून आलं होतं, 'फ्रीजवर वही, आत मुलाची चिठ्ठी, तीन प्रती.' गुरुवारी तिने हिरव्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या आणल्या, दोरे लावले, पेन्सिलीला टोक केलं. मी शेजारी बटाट्यात गुलाबी रंग कालवत होतो. तिसरी वही संपवून तिने तिन्ही ओळीने मांडल्या, जरा मागे सरून पाहिल्या.

अक्षर हॅटीचं होतं. मुलाचं अक्षर काढायचं म्हटल्यावर हाताला ठाऊक असलेलं एकच. रेघ सोडून खाली उतरत जाणाऱ्या ओळी तशाच. 'सॉरी'पाशी खोडरबराने फाटलेला कागद तसाच. कोपऱ्यात जर्दाळूच्या जॅमचा अंगठा. आणि तो तिन्ही वह्यांत.

डॉरीनने बादली ओढून घेतली आणि तिच्यात ओकली. डेक्सची कोळंबी जिने हसत वाहून नेली, ती बाई आपल्याच हातच्या तीन वह्या बघून ओकली. तोंड पुसून म्हणाली, "परत आली रे मिल्ट. किळस." आणि बादली स्वतः धुवायला घेऊन गेली.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला बसगाड्या भरून प्रेक्षक आले. त्यांना तापवायला आमच्याकडे एक पगारी हसरा माणूस असतो. तो त्यांच्यावर कॅरमेलच्या गोळ्या फेकतो, कोण जास्त मोठ्याने हसतं त्याची स्पर्धा लावतो. अर्ध्या तासाने तीनशे माणसं दाताला गोळ्या चिकटलेल्या अवस्थेत कशालाही हसायला तयार होतात. दिवा पडला तरी हसतात.

हॅटी आत आली ती सरळ आमच्या टेबलाशी. उंच, बापासारखी, केस कानामागे. मैत्रिणीला जागा धरायला पाठवून दिलं होतं.

"आई कुठाय?"

"ताटं गरम करतेय. बस ना."

ती बसली नाही. तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. मी वहीवर हात ठेवेपर्यंत तिने ती उचलली होती.

"ही आमची वही आहे."

"नाही गं. खोटी आहे. आम्ही केलीय."

तिने पान उलटलं. वाचलं नाही, नुसता अंगठा जॅमच्या डागावर ठेवून पाहिला. आता तो अंगठा मोठा झाला होता.

"हे पण केलंत?"

तेवढ्यात डॉरीन आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात बादली. हॅटीने वही तिच्याकडे वळवून धरली.

"तू त्यांना सांगितलंस."

"हो."

"विनोद म्हणून?"

"नाही. पण त्याने काय फरक पडतो."

"कुणी वाचणार आहे हे?"

"डेक्स."

"सगळ्यांसमोर? शेवटचं वाक्य पण?"

"हो."

"हसतात लोक त्याला?"

डॉरीनने ताट टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "वाचनाला हसले."

"तू?"

"मी नाही. पण मी या वह्या केल्या."

पलीकडून हसऱ्या माणसाचा आवाज आला, 'कोण आहे बरबँकमधलं?' आणि तीनशे माणसं ओरडली. हॅटीने वही टेबलावर ठेवली, कडेला कड जुळवून, जशी तिची आई ठेवते.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

चित्रीकरणाच्या दिवशी सेट सोडून कुणी जात नाही. हे लिहिलेलं नाही, पण मी आजवर एकच माणूस जाताना पाहिला आहे आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. डॉरीनने दोन वह्यांची पानं टरकावून खिशात कोंबली. तिसरी कपाटात होती. त्या कपाटाची किल्ली तिने माझ्या हातात दिली. मग बादली घेऊन ती सरळ किपच्या खुर्चीशी गेली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. आत दुपारच्या तालमीचा मीटलोफ होता.

"धर," ती म्हणाली. "यापुढे तूच धर."

आणि मुलीला घेऊन, मैत्रिणीला हाक मारून, ती गेली.

पुढचं सांगायला नको वाटतं, पण अर्धं सांगण्यात अर्थ नाही. दृश्य सुरू झालं. डेक्सने घास घेतला, वही उघडली. कोरी. त्याला तर एक शब्द पाठ नव्हता. तो भरल्या तोंडाने उभा राहिला, वहीकडे बघत, गालावर सॉस, डोळे गायीसारखे. दहा सेकंद, पंधरा. आणि लोक हसले! कोऱ्या पानाला हसले. टाळ्या वाजवल्या.

किप माझ्याकडे धावत आला. "तीन असतात ना? तिसरी कुठाय?"

"हरवली," मी म्हणालो. किल्ली माझ्या मुठीत होती.

माझं शौर्य दीड मिनिट टिकलं. कुणीतरी संहितेतलं पान कापून आणलं आणि माझ्या हातात दिलं, कारण चिकटवणं आमच्या खात्याचं काम. मी ते वहीत चिकटवलं. चार टेक झाले. डेक्सने चार वेळा बोबडं वाचलं, लोक चार वेळा हसले, शेवटच्या वाक्याला सर्वात जास्त, आणि चारही वेळा मी बादली धरली. दुसऱ्या टेकनंतर मी आत पाहिलं. संपली असं मला वाटत होतं, पण किळस माझीही संपली नव्हती.

डॉरीनला अर्थात परत बोलावलं नाही. ती सध्या भाड्याने सामान देणाऱ्या एका गोदामात आहे. तिथे चार हजार टेलिफोन आहेत, एकही वाजत नाही. तिला ते आवडतं.

पण तिची खरी शिक्षा रविवारी सुरू झाली. पाच वाजता पायरीवर किल्ली घेतली, लॉइडला सगळं सांगितलं, आत गेली. वहीत लिहिलेलं होतं: "मांजर: जेवलं. भांडी: धुतली. मी:" आणि पुढे काही नाही. दोन टिंबं आणि कोरी जागा. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. हॅटी रुसली नव्हती, दार आपटत नव्हती. विचारलं की 'ठीक'. लॉइडच्या आठवड्यांतही तेच.

"तू माफी माग ना लिहून," लॉइड एकदा पायरीवर म्हणाला.

"मागितली. तोंडी. माफीने काय होतं? तिचं माझ्याकडे होतं ते मी वाटून टाकलं. माझं तिच्याकडे काहीच नाही."

हे बोलता बोलताच बहुधा तिला सुचलं असावं. त्या रविवारी निघताना तिने हॅटीच्या कोऱ्या जागेखाली लिहिलं, "आई:" आणि पुढे स्वतःबद्दलची एक गोष्ट. अशी की बाहेर गेली तर डॉरीनला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. लॉइडलाही वाचू दिली नाही. घर त्याच्या ताब्यात देताना पान क्लिपने बंद केलं आणि वर लिहिलं, 'फक्त हॅटी'. लॉइडने क्लिप काढली नाही. ओल्या टॉवेलवाल्या माणसाचंही मला कौतुक करावंसं वाटतं ते यासाठी. पुढच्या वेळी तिने आणखी एक लिहिली. मग आणखी एक. अकराव्या रविवारी 'मी:' पुढे एक ओळ आली. काय होती ते डॉरीनने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिच्या गोष्टी काय होत्या तेही मला माहीत नाही, आणि हॅटीने त्या अजून कुणाला सांगितलेल्या नाहीत.

हॅटी आता एकवीस वर्षांची आहे. हे लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला. म्हटलं, "लिहू का?"

"सगळं?"

"तू म्हणशील तेवढं."

तिच्या मागे कुठेतरी ड्रायर फिरत असल्यासारखा आवाज येत होता, पण ते माझ्या डोक्यातलंही असेल.

"लिही," ती म्हणाली. "जॅमचा डाग पण लिही. लोकांना कळू दे आईचं काम किती चांगलं होतं. फक्त ते शेवटचं वाक्य नको."

"ते मालिकेत आहे, हॅटी. पडद्यावर येऊन गेलं."

"ती मालिका आता कुणाला आठवतेय? आणि तिथे ते डेक्सचं होतं. इथे लिहिलंस तर माझं होईल."

म्हणून लिहिलेलं नाही.